तिघांचा पास

३ एप्रिल, गुरुवार

पार्कचा पास आला! पोस्टमन चार मजले चढून वर आला, धापा टाकत पाकीट हातात दिलं आणि नेहमीचंच बोलला — या इमारतीला लिफ्ट कधी बसणार? मीही नेहमीसारखी हसले. त्याला काय सांगू, की एके काळी या घरात लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस राहायचा आणि तोही जिनेच चढायचा. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

पासावर फोटो तोच. डावीकडे मी, उजवीकडे लिफ्टवाला, मध्ये सहा वर्षांची खारू, पुढचे दोन दात पडलेले. आता खारू सतरा वर्षांची आहे, माझ्यापेक्षा चार बोटं उंच. लिफ्टवाला गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतो. तो खारूचा बाबा. माझा कोण? 'माजी' हा शब्द मंत्र्यांना लावतात, मला तो जिभेवर घेववत नाही.

पण पासावर आम्ही तिघं आहोत. 'कुटुंब — दोन मोठे, एक मूल.' दर एप्रिलला तो आपोआप येतो. पार्कच्या यादीत आम्ही अजून एक घर आहोत. आमचं मोडलं हे त्यांना कुणी कळवलंच नाही.

मी तर कळवणार नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. समोर कुणा आजोबांच्या जबड्याचा साचा आहे, प्लास्टर घट्ट व्हायला वीस मिनिटं लागतील. दिवसभर मी दुसऱ्यांच्या कवळ्या बनवते. लोकांचं हसू आमच्या टेबलावरून जातं आणि आम्ही दोघी इथे तोंड पाडून बसलेल्या!

दुसरी म्हणजे मेणवाली. दात मेणात बसवण्याचं काम तिचं, म्हणून मेणवाली. रजेचा अर्ज बघून म्हणाली, परत तिथेच? जगात समुद्र आहे, डोंगर आहेत, तुम्हाला एवढंच दिसतं का? मी म्हटलं, मुलीला आवडतं. नऊ वर्षं हे एकच उत्तर देतेय. आता ते बोलायलाही लागत नाही, ओठ आपोआप हलतात.

खरं तर त्या पार्कमध्ये बघण्यासारखं काय आहे? एक मोठा आकाशपाळणा, हंसाच्या होड्या, आरसेमहाल आणि एक किल्ला. त्या किल्ल्याचं प्लास्टर इतकं वाईट आहे की दर वर्षी माझा हात शिवशिवतो. पण नव्या जागी गेलं की आपण कोण, कुणाबरोबर, हे सगळं नव्याने सांगावं लागतं. तिथे कुणी विचारत नाही.

१० एप्रिल, गुरुवार

आज उगाच पहिली खेप आठवत राहिली. म्हणजे वेगळं झाल्यानंतरची पहिली. कोर्टाचा कागद हातात पडून दोन महिने झाले होते. सुट्टी लागली आणि आठ वर्षांच्या खारूने आपली पिशवी भरून दाराशी ठेवली. "बाबा थेट गेटवर येईल," म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं! मी मुकाट्याने त्याला फोन लावला. तोही मुकाट्याने आला.

गेटवर तो म्हातारा शिक्केवाला. मनगटावर निळा शिक्का मारतो. म्हणाला, "या साहेब, या वहिनी." मी हात पुढे केला, शिक्का मारून घेतला. मला वहिनी म्हणणारा आता जगात तेवढा एकच माणूस उरलाय. त्याच्या त्या एका हाकेसाठी मी वर्षभर कॅलेंडर बघते. कुणाला सांगितलं तर वेडी म्हणतील.

मग ठरलेला क्रम. आधी होड्या. मग आरसेमहालात तिघांनी जाड्या आरशासमोर उभं राहून पोटं पुढे काढायची. मग हिरव्या बाकावर उकडलेली अंडी आणि ब्रेड. (बाकाचा रंग दर वर्षी बदलतो, म्हणायचं हिरवाच.) शेवटी पाळणा. पण लिफ्टवाला लगेच बसत नाही. आधी खाली उभा राहून यंत्राची एक पूर्ण फेरी ऐकतो, डोळे मिटून. रांगेतले लोक हसतात. मग तो मान हलवतो — चालेल — आणि आम्ही बसतो. संसारात असताना या सवयीचा मला किती राग यायचा! आता वाटतं, आमच्यासाठी एवढा वेळ कान देऊन उभं राहणारं दुसरं कोण आहे.

त्या दिवसाचा एकच नियम आहे. कागदाचा विषय काढायचा नाही. नऊ वर्षांत कुणी काढला नाही.

१६ एप्रिल, बुधवार

नव्या चपला घेतल्या. घरात घालून फिरतेय, म्हणजे जुन्या दिसतील. मागच्या वर्षी नवा कुडता घातला होता तर खारू त्याच्यासमोरच म्हणाली, आई, लेबल राहिलंय. भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. लिफ्टवाल्याने खिशातून चाकू काढून लेबलाचा दोरा कापला. त्याची बोटं मानेला लागली. त्यावर मी एक वर्ष काढलं.

लिहिलं खरं. आता खोडत नाही.

२३ एप्रिल, बुधवार

त्याचा फोन. दहा मे, शनिवार, नेहमीची बस. तो ब्रेड आणेल, मी अंडी. मी विचारलं, गुडघा कसा आहे? म्हणाला, कुठला गुडघा? म्हणजे दुखतोय. मध्येच त्याला दुसरा फोन आला. लिफ्ट अडकली असणार, कारण त्याचा तो जुना प्रश्न माझ्या कानावर पडला — "आत कुणी आहे का?" लिफ्ट बंद पडल्याचं कुणीही कळवलं की त्याचा पहिला प्रश्न हाच. कुठे, कशी, कधीपासून, हे सगळं नंतर.

आमचं मोडलंही त्या फोनांनीच. जेवताना, आजारपणात, खारूच्या वाढदिवसाला, कधीही. कुणीतरी कुठेतरी अडकलेलं असायचं आणि हा पिशवी उचलून निघायचा. शेवटी एकदा मी म्हटलं, इथेही एक बाई अडकली आहे. तो बूट घालत होता. म्हणाला, काय म्हणालीस? मी म्हटलं, काही नाही, जा.

मी जा म्हटलं आणि तो गेला. एकाला ऐकू येत नव्हतं आणि दुसरीला परत सांगायचं नव्हतं. तिचं नाक मोठं! एवढ्यावर दहा वर्षांचा संसार मोडतो का? मोडला.

२ मे, शुक्रवार

खारू येणार नाही.

जेवताना सांगितलं, ताटाकडे बघत. मैत्रिणींबरोबर डोंगरात तंबूत राहायला जायचंय, नेमकं त्याच आठवड्यात. मी म्हटलं, मग पार्क पुढे ढकलू. तसं नाही, म्हणाली. मग कसं? तेव्हा बोलली.

"आई, मला तो पार्क बाराव्या वर्षीच नकोसा झाला. पाळण्यात मळमळतं मला. मी तुझ्यासाठी येते."

"माझ्यासाठी? अगं, मी तुझ्यासाठी जाते!"

"माहीत आहे. आणि बाबाला विचारलं तर तो म्हणतो, आईला बरं वाटतं, जाऊ या."

ती चिडली नव्हती, हेच जास्त लागलं. हळू आवाजात एकेक सांगत होती. पाळण्यात दर वर्षी आम्ही तिलाच मध्ये बसवतो, एकदाही कडेला बसायला मिळालं नाही. बाकावर पण मध्ये, फोटोत पण मध्ये. शेवटी म्हणाली, तुम्ही दोघं जा ना.

"आम्ही दोघं कशाला जाऊ?"

"मग मी कशाला येऊ?" म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

 

३ मे, शनिवार

आईला बरं वाटतं! म्हणजे मी पेशंट. नऊ वर्षं तो मला हवापालटाला नेत होता!

५ मे, सोमवार

फोन केला. आवाज अगदी कोरडा ठेवला. यंदा नको, खारूला जमत नाहीये, आणि आता ती मोठी झाली, तेव्हा बंदच करू या. वाटलं होतं — काय वाटलं होतं? की तो विचारेल, का? तो म्हणाला, "बरं."

बरं! नऊ वर्षं, आणि वर एवढा एकच शब्द. मी फोन ठेवून भांडी घासली. मग घासलेली परत घासली.

आता वर्षभर कशाची वाट बघायची? हाच प्रश्न आहे, बाकी सगळा माझा तोरा. घर म्हणजे मी आणि खारू, आणि खारूही दोन वर्षांत उडून जाणार. तो एक दिवस होता. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा आम्ही होतो. आता तो पण मी माझ्याच हाताने पुसला.

८ मे, गुरुवार

खारू गेली. निघताना घट्ट मिठी मारली, म्हणाली, रागावलीस? नाही म्हटलं. खरंच नाही. दर वर्षी मळमळत असताना ती त्या पाळण्यात आमच्यासाठी हसायची. हे माझ्या कसं लक्षात आलं नाही? मला वाटायचं, फोटोत ती उन्हामुळे तोंड वाकडं करते.

१० मे, शनिवार

रजा मंजूर होती. घरात बसवेना. अंडी उकडली — तीन! सवय. नव्या चपला घातल्या आणि नेहमीची बस धरली. कशाला ते विचारू नये. मनाच्या एका कोपऱ्यात होतं, की हिरव्या बाकावर तो बसलेला असेल.

शिक्केवाला म्हणाला, "वहिनी, एकट्याच? साहेब?" मी म्हटलं, काम निघालं. त्याला वाईट वाटलं, पण नियम म्हणजे नियम. कुटुंबाचा पास एकटीला चालत नाही, खिडकीवर नोंद करावी लागते. खिडकीत चष्मेवाली मुलगी होती. ओळख पटवायला अर्ज बघते म्हणाली आणि फाईल काढली. मी म्हटलं, अर्ज कसला? पास तर आपोआप येतो ना?

"आपोआप कसा येईल, मॅडम? दर वर्षी मार्चमध्ये इथे येऊन नवा अर्ज भरावा लागतो. तुमच्याकडचे काका येतात ना. अर्ज देतात, आणि आत न जाता कुंपणापाशी उभे राहून पाळणा ऐकतात. म्हणून लक्षात आहेत."

तिने कागद माझ्याकडे वळवला. त्याचं अक्षर, तेच उभट, जोर देऊन लिहिलेलं. राहण्याचा पत्ता — आमचं घर. चौथा मजला. कुटुंबप्रमुख — माझं नाव! (आयुष्यात कधी त्याने तोंडाने कबूल केलं नाही.) काही घडल्यास कुणाला कळवावं — माझा नंबर. नातं — पत्नी. खाली सही आणि यंदाच्या मार्चची तारीख. फाईलमध्ये मागे आणखी आठ अर्ज. नऊही वर्षं हेच, एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

खोटं लिहिलंय. सरकारी कागद नसला म्हणून काय, सरळ सरळ खोटं! आणि मी त्या खिडकीत उभी राहून वाचतेय, मागे रांग वाढतेय, डोळे भरून आलेत.

मुलीने विचारलं, "यात काही बदललंय का, मॅडम?"

"नाही," मी म्हटलं.

आत गेले. बाक यंदा निळा. रिकामा. एक अंडं खाल्लं. मग पाळण्याखाली उभी राहून डोळे मिटले आणि एक पूर्ण फेरी ऐकली. मला त्यातलं काय कळतंय! पण तो काय ऐकतो ते ऐकायचं होतं. मग कडेला बसले. माझ्याशेजारची जागा रिकामी, तिच्यापलीकडचीही. वर गेल्यावर कुंपण दिसलं. मार्चमध्ये तो जिथे एकटा उभा असतो, ते.

त्याला फोन करून काय म्हणू? अर्ज बघितला? मग तो म्हणेल, बरं.

११ मे, रविवार

सकाळी दहा वाजता फोन केला. म्हटलं, आमच्या इमारतीतली लिफ्ट बंद पडली आहे.

हे चार मजले तो वर्षानुवर्षं जिन्यानेच चढलेला. त्याने विचारलं, "आत कुणी आहे का?"

मी म्हटलं, "आहे. एक बाई आहे. बरीच वर्षं झाली."

म्हणाला, "निघालो."