रेडिएटरचं झाकण

माझ्या धाकट्या कान्छा,

गाडीच्या रेडिएटरचं झाकण मी घेऊन गेलेय, शोधत बसू नकोस. पहाटे अंगण सारवायला गेले तर आजोबांच्या लँडरोव्हरखाली हिरवं पाणी साचलेलं. झाकण उघडलं तर आत सगळं पिवळं. तरीच माझा हळदीचा डबा रिकामा. बाळा, हळदीने गळती तासभर थांबेल, संदकफूचा चढ चार तासांचा आहे. वाटेत उकळतं झाकण उघडलं की काय होतं, ते बाबांच्या भाजलेल्या गालावर रोज बघतोस.

भोक रेडिएटरला नाही. खालच्या रबरी नळीला पट्टीजवळ चीर गेलीय, मी बोट लावून पाहिलं. पहिल्या जीपने सुखियाच्या बाजारात जाऊन नवी नळी आणते, दहापर्यंत परत येईन. वर न्यायच्या पाहुण्यांना चहा आणि सेलरोटी दे. आमाने अडवलं म्हणून खुशाल सांग. बाबांना उठव. सहा महिने त्यांच्याशी बोलला नाहीस, आज पाना मागायला तरी बोल.

रागावशील, ठाऊक आहे. महादेवाला पाणी घातलं, पण तीर्थ घेतलं नाही. गाडीत पाणी टिकेपर्यंत माझ्याही घशाखाली उतरणार नाही.

आमा