मागचं चाक किती वर येतं, याविषयी

तीर्थरूप मामा,

पत्रातून जितकं वाकता येतं तितकं वाकून नमस्कार. तुमची तब्येत ठणठणीत असणार, कारण मागच्या पत्रातली तुमची अक्षरं कागदाच्या पाठीमागून हाताला लागत होती, आणि एवढा जोर आजारी माणसाला झेपत नाही. मामींचा गुडघा कसा आहे? इकडे आम्ही दोघं मजेत आहोत. तुमच्या लेकीची बेकरी झकास चालली आहे आणि माझी शिलाई मशिनं दुरुस्त करण्याची कामंही चालू आहेत. आता तुमच्या पत्राकडे वळतो. (वळायलाच हवं, आठ दिवस टाळून झालं.)

तुम्ही लिहिलंत की बावीस वर्षं पोटच्या पोरासारखी सांभाळलेली गाडी तुम्ही आम्हाला बेकरीचे पाव पोचवायला दिली होतीत, शर्यतीत पळवायला नाही; मशिनची सुई बदलणाऱ्या माणसानं गाडीच्या स्प्रिंगांना हात लावायचं काही कारण नव्हतं; आणि येत्या एक तारखेला तुम्ही जातीनं येऊन किल्ली परत घेऊन जाणार आहात. तुमचा राग मला मान्य आहे. पण मामा, ही हकिगत तुम्हाला तुमच्या दोन्ही बहिणींकडून कळली, म्हणजे मागच्या सीटवरून कळली. मी ती गाडीच्या खालून सांगतो. खालून जास्त दिसतं.

गाडी सोमवार ते शनिवार पावच पोचवते. सकाळी साडेसहाला इस्पितळाच्या मागच्या दाराशी ती उभी नाही असा एकही दिवस गेलेला नाही. रविवारी मात्र ती जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर चारशे मीटर सरळ पळते. तिथे एक गट असा आहे की गाडी घरून स्वतःच्या चाकांवर यायला हवी, मागची सीट जागेवर हवी, आणि शर्यत संपल्यावर तिनं तशीच चालत घरी जायला हवं. म्हणजे आपल्यासारख्या सरळमार्गी गाड्यांचा गट. त्यासाठी मागे रुंद टायर बसवले. आता रुंद टायर आले की जागेचा प्रश्न आला. जोरात सुटताना गाडी मागे बसते, म्हणजेच मागची चाकं वर मडगार्डात शिरतात. ती किती वर येतात आणि वर येऊन कुठे घासतात, हे आधी मोजावं लागतं. नुसतं वाकून बघून 'चालेल, चालेल' म्हणणारे पुष्कळ आहेत. मी त्यांतला नाही. सुई आणि हूक यांच्यात कागदाएवढी फट राखण्यात माझी तीस वर्षं गेली आहेत. (त्यामुळे सुईवरून तुम्ही जे लिहिलंत ते मी कौतुक म्हणून घेतलं.)

मोजायची रीत अशी. मागच्या दोन्ही स्प्रिंगा काढायच्या, आणि दोन चाकांना जोडणारा एक्सल जॅकनं वर उचलायचा, तो रबरी ठोकळ्याला टेकून थांबेपर्यंत. त्याआधी जिथे जिथे घासण्याचा संशय असेल तिथे मऊ मातीच्या गोळ्या चिकटवून ठेवायच्या. चाक वर आलं की गोळी चेपते. चाक खाली घेतलं की गोळी जेवढी जाड उरली तेवढी फट. मुलांची खेळायची माती दुकानात मिळते हे मला माहीत आहे. पण घरात बेकरी असताना मऊ गोळा विकत कोण आणतो? तुमच्या लेकीनं पावासाठी मळलेलं पीठ समोरच झाकून ठेवलं होतं. मी दोन मुठी उचललं आणि त्याच्या अकरा गोळ्या केल्या. मडगार्डाच्या धारेखाली, टायरच्या आतल्या बाजूला, एक्सलवरून जाणाऱ्या धुराच्या नळीवर, कुठे म्हणून जागा सोडली नाही. चाकं वर घेतली, खाली घेतली, आणि मोजपट्टी आणायला घरात गेलो.

घरात शिंपी येऊन बसला होता. त्याचं मशिन धागा तोडत होतं आणि तोडत असण्याची कारणं त्याला स्वतःलाच सांगायची होती. यात दीड तास गेला. (आमच्या शेडची आणि बेकरीच्या भट्टीची भिंत एकच आहे, त्यामुळे शेडमध्ये कायम छान ऊब असते, हे इथेच नोंदवून ठेवतो.) परत येऊन गोळ्या मोजल्या तर बावीस मिलिमीटर! मी आठ-दहाच्या आशेवर होतो. मामा, मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की शिंप्याला हाताला धरून शेडमध्ये आणलं आणि गाडीखाली झोपवून दाखवलं. तो 'वा' म्हणाला. मग एवढी जागा वाया का घालवायची म्हणून मी रबरी ठोकळा बोटभर कापून टाकला, म्हणजे चाकाला आणखी वर यायची मोकळीक मिळाली, आणि स्प्रिंगा बसवून हात धुतले.

दोन आठवडे काही झालं नाही, कारण पाव हलके असतात आणि त्या दोन रविवारी शर्यत नव्हती. तिसऱ्या आठवड्यात थोरल्या आत्यांना दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं आणि धाकट्या आत्या सोबतीला होत्या. दोघी मागे बसल्या. (वजनाविषयी मी एक अक्षर लिहिणार नाही. जे काही बोलली ते गाडी बोलली.) पहिल्याच स्पीडब्रेकरवर असा आवाज आला की सलूनवाला वस्तऱ्यासकट बाहेर आला. दुसऱ्यावर जळक्या रबराचा वास सुटला. धाकट्या आत्या शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, गाडी आम्हाला नको म्हणतेय. आम्ही चालत जातो." आणि गेल्या. जाता जाता त्यांनी तुम्हाला फोन केला, तो पुढचा भाग तुम्हाला माहीतच आहे.

मडगार्डाच्या धारेनं टायरचं रबर सालीसारखं सोललं होतं. मी गाडीखाली पडून ते बघत होतो, तेवढ्यात तुमची लेक आली. धुराच्या नळीच्या मागे एक गोळी अजून चिकटलेली होती. तिनं ती काढली, मोडली, आतली भोकं पाहिली, हुंगली, आणि तिथेच जमिनीवर बसून हसत सुटली. पाच मिनिटांनी आवाज फुटला तेव्हा म्हणाली, "अहो, यात यीस्ट आहे. चेपली तेव्हा ही सहा मिलिमीटर असेल. तुम्ही शिंप्याशी गप्पा मारत होतात तेवढ्यात ती फुगली."

मामा, तीस वर्षांत माझ्या मोजमापाला कुणी हसलं नव्हतं. मला लाज वाटली, आणि ती मी तुमच्यापासून लपवत नाही. पण पुढचं ऐका. त्याच दिवशी तिनं यीस्टशिवाय, मीठ घालून घट्ट पीठ मळलं, गोळ्यांना वरून तेलाचं बोट लावलं, आणि या वेळी चाक खाली येताच मोजलं. शिवाय एकेक चाक वेगळं उचलायला लावलं, कारण स्पीडब्रेकरवर एक चाक आधी चढतं आणि एक्सल तिरका होतो. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. फट निघाली सहा, आणि तिरक्या एक्सलला जेमतेम चार. मग नवा, जाड रबरी ठोकळा बसवला. मडगार्डाची आतली धार वर दुमडायला बेकरीतलं मोठं लाटणं टायर आणि धार यांच्यामध्ये घातलं आणि गाडी पुढे-मागे, पुढे-मागे ढकलली. धार पोळीच्या काठासारखी गुपचूप वळली. त्यानंतर मी आत्यांपुढे हात जोडले. दोघी मागे बसल्या, धारेला आतून खडू फासला, आणि त्याच स्पीडब्रेकरवरून चार फेऱ्या मारल्या. खडू जसाच्या तसा! आत्यांनी पाचवी फेरी आपणहून मागितली.

रविवारी त्याच गाडीतून तीस किलोमीटर जाऊन धावपट्टी गाठली, दोन्ही आत्या मागे, मांडीवर डबे. आत्या उतरल्या, गाडी रेषेवर गेली. हिरवा दिवा लागला तेव्हा मी कुंपणाशी पोटावर पालथा पडून फक्त मागचं चाक बघत होतो. (मग चालवत कोण होतं, हा तुमचा प्रश्न मला इथपर्यंत ऐकू आला. जरा दम धरा.) गाडी मागे बसली, चाक वर आलं, जिथपर्यंत यायचं तिथपर्यंत आलं, आणि थांबलं. कुठेही घासलं नाही. चौदा पूर्णांक एक दशांश सेकंद, आपल्या गटात पहिला नंबर. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. दुसऱ्या दिवशी साडेसहाला तीच गाडी पाव घेऊन इस्पितळाच्या दाराशी उभी होती. तुमची गाडी आहे मामा, तिला दोन्ही येतं. बावीस वर्षांत तुम्ही तिचा एक बोल्टसुद्धा गंजू दिला नाहीत म्हणून येतं, हेही मी तिथे सगळ्यांना सांगितलं.

मामींना आणि त्यांच्या गुडघ्याला वेगवेगळा नमस्कार सांगा.

तुमचा,
सुई बदलणारा जावई

ता. क. एक तारखेला जरूर या, पण किल्ली न्यायला नको, बसायला या. त्या दिवशी रविवार आहे, अंतिम शर्यत आहे, आणि तिथवर जाताना मागच्या सीटवर तीन माणसं असली तर फट किती उरते, हे मोजायचं राहिलं आहे. आत्यांच्या मधे बसायला कुणी तयार होत नाही. तुम्ही भाऊ आहात.

ता. क. दुसरा. पत्र तुमच्या लेकीनं वाचलं. तिच्या मते गोळ्या अकरा नव्हत्या, चौदा होत्या. बाकी सगळं खरं आहे म्हणाली. गाडी तीच चालवत होती. रोजचे पावही तीच पोचवते. तुम्ही तिला कधी पुढे बसू दिलं नाहीत, पण मागे बसून तुम्ही कुठला गिअर कधी टाकता हे तिनं पाठ केलं होतं. अजूनही तसेच टाकते, फक्त लवकर लवकर.

ता. क. तिसरा. गाडी देताना तुम्ही किल्ली तिच्या हातात न देता माझ्या हातात दिली होतीत. ती माझ्याकडे तुमच्या फाटकापर्यंतच राहिली. तेव्हा परत मागायची असली तर तिच्याकडे मागा. मी दोनदा मागून पाहिली आहे.