ऐरावताच्या मस्तकी रासभाची टोपी

रविवार, ३ फेब्रुवारी १९७४

विजय! आज रुद्रप्पाच्या ओट्यावर, त्याचाच चहा प्राशन करीत, मी त्याच्या मोटारीचा तात्त्विक पराभव केला.

रुद्रप्पा पेंडीचा व्यापारी आणि माझा बालमित्र. त्याने एका संस्थानिकाची जुनी अमेरिकन मोटार घेतली आहे. तिचे मुख वळणावरून वळते तेव्हा पुच्छ मागल्या गल्लीतच असते. मी तिचे नाव ‘ऐरावत’ ठेविले. वळसंगच्या ईरप्पाची टॅक्सीही त्याच कारखान्याचे अपत्य. ती माणसे, कडबा व शेळ्या समभावाने वाहते. ती ‘रासभ’. सांगाडा एक, यंत्र एक, चाके एक! भेद काय तो मुखावरच्या चकचकीत जाळीचा, मखमली बैठकीचा आणि नामाभिधानाचा. आणि एवढ्यासाठी दुप्पट मूल्य?

“मास्तर,” रुद्रप्पा म्हणाला, “घरी बी वरणभात खाता, लग्नात बी वरणभातच आसतोय की. मग लग्नाला कशाला पळत जाता?”

प्रश्न अप्रस्तुत होता. उभा राहिलो आणि प्रतिज्ञा केली — या ढोंगी गजाच्या उदरात मी कदापि प्रवेश करणार नाही! ओट्यावर टाळ्या पडल्या.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

येत्या रविवारी अक्कलकोटला मेहुण्याच्या नव्या घराची वास्तुशांती. रुद्रप्पा आज मुद्दाम घरी आला. माझ्याकडे ढुंकूनही न पाहता अनसूयेला म्हणाला, “वैनी, माहेराला माज्या गाडीतनं चला की. मी सोता चालवतो.”

“बरं,” ती म्हणाली. माझ्याकडे तिनेही पाहिले नाही!

बुधवार, ६ फेब्रुवारी

एस.टी.चे वेळापत्रक पाहिले. मन रमले नाही.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

अनसूयेच्या होकाराचे कारण उमगले! पुण्याहून मुकुंद येणार — नवीकोरी फियाट घेऊन. मुकुंद माझा चुलतभाऊ, बँकेतला साहेब; त्याची पत्नी अनसूयेची चुलतबहीण. एका घरच्या दोन मुली दुसऱ्या एका घरच्या दोन मुलांना दिल्या, असा तो योग. आम्हां बंधूंचे नाक एक, उंची एक, आजोबा एक. वेतन मात्र भिन्न — मी शाळेत संस्कृत शिकवितो.

मी गंभीर स्वरात विचारले, “ही मुकुंदाच्या मोटारीशी स्पर्धा काय?”

“तुम्हाला ना, काही म्हणजे काही कळत नाही,” ती म्हणाली आणि हसली. हास्य दुर्बोध होते. मग पोळी लाटता लाटता म्हणाली, “लग्नाला पंचवीस वर्षं झाली. एकदा ऐटीत माहेरी जायचंय मला. आणि शेजारी तुम्ही हवेत. तुम्ही एस.टी.नं येणार असाल तर मीही जात नाही.”

एवढे बोलूनही पोळी अगदी गोल लाटली गेली. म्हणजे निर्धार पक्का!

शनिवार, ९ फेब्रुवारी

प्रतिज्ञेचा शास्त्रार्थ दिवसभर चालला. वादी मी, प्रतिवादी मी. अखेर मार्ग सापडला — आपद्धर्म! भार्या माहेरी जाण्यास नकार देते, याहून मोठी आपत्ती शास्त्रास ठाऊक नाही.

रुद्रप्पाला निर्णय कळविला. तो पोट धरून हसला. “या की मास्तर! उदरात लई जागा हाय.”

रविवार, १० फेब्रुवारी

क्रमाने लिहितो.

सकाळी निघालो. मखमलीवर बसलो आणि — हे या पानापलीकडे जाऊ नये — परमसुख झाले! मार्गात खड्डे होते असे रुद्रप्पाकडून कळले. अनसूया काच खाली करून वाऱ्यावर हात धरीत होती, मुलीसारखी.

वळसंगच्या अलीकडे ऐरावत थबकला. रुद्रप्पाने टोपण उघडले. यंत्राला ठिणगी पुरविणारा जो अवयव, त्याची काळी टोपी तडकली होती. ऊन वाढू लागले. अनसूया हातातला आहेर उगाच पुन्हा पुन्हा नीट करू लागली. मला ते बघवेना.

इतक्यात मागून धुळीचा लोट — रासभ! ईरप्पा उतरला, वाकला. “सावकार, माज्या गाडीची टोपी हितं बसतीया की.” काढली, बसविली. “आयतु! झालं!” ऐरावत गर्जला!

मी तत्क्षणी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. “सिद्ध झाले! रासभाची टोपी ऐरावताच्या मस्तकी चपखल! तस्मात् दुप्पट मूल्य ही शुद्ध—”

“अहो,” अनसूया आतून म्हणाली, “खालून सगळ्या सारख्याच असतील. पण मी काय गाडीच्या खाली बसले होते? या आत.”

माझा सगळा सिद्धान्त तिथेच रस्त्यावर पडला. रुद्रप्पाने हॉर्न वाजवून त्यास मूठमाती दिली.

पण रासभाचे उतारू? टोपीवाचून तो हलणार कसा! सोजरबाई नामक एक वृद्धा शेळी घेऊन उभी होती. “आन् आमी काय करावं? लेकीच्या घरी जायाचंय मला.”

“बसा की समदी!” रुद्रप्पा म्हणाला. ईरप्पा आपल्या गाडीपाशी राहिला. टोपी सायंकाळी परत द्यायची ठरली. बाकी सारे गाव आत! शेळी माझ्या मांडीवर. “लई मऊ हाय गं बाई,” सोजरबाई अनसूयेला म्हणाली, “झोपच याया लागली.” आणि खरोखर निजली, अनसूयेच्या खांद्यावर.

अक्कलकोटला दारी मुकुंदाची फियाट लखलखत होती. तिच्याकडे कोण पाहतो! गल्ली लोटली ऐरावताकडे. दार उघडले. माणसे निघतात, निघतात, निघतच राहतात — आणि अखेर शेळीसह मी! मेहुणा पंचपात्र हातात घेऊन तसाच उभा. मुकुंदाने शेळीला वाट करून दिली. अनसूया पदर तोंडाशी धरून हसत होती, डोळ्यांत पाणी येईतो.

सोमवार, ११ फेब्रुवारी

सकाळी चहा घेताना विचारले, “आता सांग — सांगाडा एकच असता जास्तीचे मूल्य द्यावे काय?”

“मी दिलंच होतं की,” ती म्हणाली.

मी तिला पाहावयास गेलो तेव्हा मुकुंद केवळ सोबतीला आला होता, अशी माझी आजवरची समजूत. तसे नव्हते. तिला दोघेही दाखविले होते! वडील तिला म्हणाले होते, “घराणं एक, रूप एक. थोरल्याला बँकेत नोकरी आहे, धाकट्याला नुसती जीभ. बोल, कोण?”

“मग?”

“म्हटलं, जास्तीचं काय पडेल ते मी बघून घेते. हसवणारा द्या.”

मी उठलो आणि दुसरा चहा स्वतः टाकला. पंचवीस वर्षांत प्रथमच.