पाठराखणीला आलेली

२ डिसेंबर
रेणूचं लग्न ठरलं. मुलगा लातूरचा, बँकेत आहे. पेढे मीच वाटले. अक्का (इथून पुढे नुसतं अ., आणि रेणू म्हणजे रे., कुणी वही उघडलीच तर) सगळ्यांदेखत म्हणाल्या, "पाठराखीण म्हून सुमनच जाईल की. आन् तिथंच ऱ्हाईल. नातीला शाळेची नोकरी हाय, घर कोण बघंल?" सगळे खूश. मला कुणी विचारलं नाही. आणि मी शहाणी, मान हलवून मोकळी झाले.

३ डिसें.
एकच कढई दोनदा घासली.

५ डिसें.
पाठराखीण नवरीसोबत चार दिवस जाते आणि तिच्यासोबतच परत येते. अ.च्या लग्नात मी हदगावकडून चाकूरला अशीच आले, नऊ वर्षांची. माझे बापू अ.च्या वडलांकडे सालगडी. अ.ला न्यायला त्यांचा भाऊ आला, तेव्हा मीही फ्रॉक घालून तयार. अ. म्हणाल्या, "तू ऱ्हा गं, सासूबाईंचे पाय दुखून ऱ्हायलेत." राहिले. एकोणपन्नास वर्षं झाली. त्यांच्या पोराला अभ्यासाला बसवता बसवता लिहायला शिकले, एवढी कमाई.

८ डिसें.
रे. पेपर तपासत होती. वेठबिगार म्हणजे काय, असा प्रश्न होता. मी विचारलं, "आन् नवरीसंगं धाडलेली पोर?" "पूर्वी दासी द्यायचे मावशी, आंदण म्हणून..." लाल पेन तसंच हातात.
मला राग आला, तोही तिचाच. मला काय कुणी बांधलं होतं? दार तर उघडंच असायचं. टायफॉइडमध्ये अ.नी माझं डोकं मांडीवर घेऊन पेज पाजली. त्यांना मालकीण कसं म्हणू?
दुपारी भाकरी थापताना आठवलं. बापू गेल्याचा निरोप मला तेरावा उरकल्यावर सांगितला होता. घरात बाळंतीण होती, माझ्यावाचून अडलं असतं. बाळंतीण म्हणजे अ.च. बारा वर्षांची मी, ते तेरा दिवस बाळाला गाणी म्हणत न्हाऊ घालत होते. भाकरी करपली. करपू दे.

११ डिसें.
भावाचा, नामदेवचा, फोन. "बाई, ये की आता. घर हाय, मी हाव. किती दिवस दुसऱ्याच्यात ऱ्हातीस?" मी म्हटलं, लग्न हाय. "आन् लग्न झाल्यावर?" फोन ठेवला. त्याला काय सांगू, मला भीती वाटते. तिथं सकाळी उठून कुणाचा चहा टाकायचा?

१४ डिसें.
रे.ला सांगितलं, मी चार दिवसच येणार. गळ्यात पडून रडली. "तुझं बरोबर आहे मावशी." मग डोळे पुसून, "सहा महिने तरी?"

१६ डिसें.
अ. तूर निवडत होत्या. बोलले एकदाचं. चार दिवस लातूर, मग हदगाव.
"तुला काय कमी केलं गं आम्ही?"
मी पण तुरीतले खडे वेचायला लागले.
मग म्हणाल्या, "नव्या घरात मला लई भ्या वाटायचं, म्हून तुला ठिवून घेतलं. मंग धाडायचं ऱ्हाऊनच गेलं बघ."
राहून गेलं! छळलं असतं तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या. वर म्हणतात, "आता माझं कोण हाय?" आणि मी मेली त्यांना पाणी दिलं.

२१ डिसें.
लग्न छान झालं. रे.च्या सासूबाई चांगल्या आहेत. स्वयंपाकघर दाखवलं, मला.

२५ डिसें. बसमध्ये
रे. नवऱ्यासोबत गाडीनं माहेरी गेली. मला चल म्हणाली, मी नांदेडची एसटी धरली. तिकडे नामदेव येणार आहे. कंडक्टरनं "मावशी, कुठं?" विचारलं. नांदेड, मी दोनदा म्हटलं.
निघताना रे.च्या वडलांचा फोन होता. अ. काल सकाळपासून जेवल्या नाहीत, सुमन कवा येती म्हणून विचारतात.
चाकूरचं स्टँड आलं. गाडी इथं दहा मिनिटं आहे, घर पाच मिनिटांवर. पिशवी मांडीवर घेतलीय. शेजारची बाई विचारतेय, "उतरायचं का तुमाला?"