दशांशचिन्हानंतरची शून्यं

शेवटची दोन शून्यं काढून मी लेबल पुन्हा छापायला टाकलं, अक्का, आणि यंत्राजवळ उभी राहिले. बोटाएवढी पांढरी चिकटपट्टी बाहेर आली. वर बाळाच्या आईचं नाव, मग औषधाचं, आणि खाली ०.१ मिली. आधीच्या पट्टीवर तिथे ०.१०० होतं. दोन्ही पट्ट्या मी टेबलावर शेजारी ठेवल्या आणि तुझ्यासारखं हात लांब करून वाचल्या. गणिताला दोन्ही सारख्याच. डोळ्याला नाहीत.

हे जळगावातलं लहान मुलांचं एक रुग्णालय आहे. तिथल्या नवजात विभागाची औषधं आता संगणकावर नोंदली जाणार आहेत, आणि कुठला आकडा कुठल्या प्रकारच्या रकान्यात ठेवायचा हे ठरवण्याचं काम माझ्याकडे आहे. मी अमळनेरला मराठीत एम.ए. केलं तेव्हा तू विचारलं होतंस, पुढे काय. पुढे हे. तू असतीस तर हसली असतीस, आणि मग कामाचे प्रश्न विचारले असतेस. तू धुळ्याच्या दवाखान्यात मुलांच्या वॉर्डात नर्स होतीस. सगळे तुला अक्का म्हणत, म्हणून आम्हीही आई म्हणायच्या ऐवजी अक्काच म्हणायला लागलो.

आमच्याकडे सगळे आकडे आधी फ्लोट नावाच्या प्रकारात ठेवले होते. माझ्याबरोबर काम करणारा सहकारी धुळ्याचाच, माझ्याच वयाचा. तो म्हणाला, फ्लोट सोपा, लहान-मोठं सगळं मावतं. चाचणीचे दिवस होते. खरं काम कागदावर, आणि सोबत संगणकावर. तेव्हा औषधविभागातली मुलगी माझ्याकडे आली. रोज अमळनेरहून गाडीने येते, तिच्या अब्बांचं तिकडे शिलाईचं दुकान आहे. वॉर्डात कुठलं औषध जातं यावर शेवटची सही तिची असते. ती दारातूनच म्हणाली, "ताई, तुमच्या मशीनचं एक म्हणणं आहे. तीन दशांश हे तीन दशांशापेक्षा जास्त असतात."

मी तिच्याबरोबर गेले. एका औषधाची दिवसाची मर्यादा ०.३ मिली. तीन वेळा ०.१ द्यायचं. दोनदा देऊन झालं होतं. तिसऱ्यांदा नोंद करताच पडदा लाल झाला: मर्यादा ओलांडली. मी बेरीज उघडून पाहिली. तीन दशांश, मग शून्यांची लांबलचक रांग, आणि रांगेच्या टोकाला एक चार. तो चार कुठल्याही सिरिंजमध्ये भरता येणार नाही, कुठल्याही तराजूला कळणार नाही. पण 'जास्त आहे का' असं विचारलं की यंत्र हो म्हणतं, कारण त्याच्यापुरतं ते खरं असतं.

सहकारी म्हणाला, "मॅडम, एवढ्याशानं काय होतं? खाली 'तरीही द्या' बटण आहे ना. सिस्टर दाबतात ते."

"कधीपासून दाबतात?"

"पहिल्या दिवसापासून."

"वाचून दाबतात का?"

तो हसला. "तुम्ही कवितेच्या मात्रा मोजा मॅडम, या मात्रा माझ्यावर सोडा."

"कवितेत मात्रा चुकली तर कवी मरत नाही," मी म्हटलं, आणि औषधविभागातली मुलगी इतक्या मोठ्यानं हसली की आतून सिस्टर बघायला आल्या. पण मला जे कळायचं ते कळलं होतं. तो चार कुणालाच इजा करणार नव्हता. इजा त्या लाल पडद्यातून होणार होती. रोज खोटा इशारा देणाऱ्या पडद्याला सगळ्या सिस्टर न वाचता हो म्हणायला शिकल्या होत्या. एखाद्या दिवशी तो खरं बोलेल आणि त्याच बोटाने तेच बटण दाबलं जाईल.

असं का होतं, हे तुला सांगायला मला आवडलं असतं, कारण ते तुला चटकन समजलं असतं. यंत्र आतमध्ये फक्त अर्धं करू जाणतं. एकाचं अर्धं, अर्ध्याचं अर्धं, त्याचंही अर्धं. त्यामुळे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड हे सगळं फ्लोटमध्ये तंतोतंत बसतं. एक दशांश बसत नाही. कितीही वेळा अर्धं करत गेलं तरी दशांश हाती लागत नाही, जवळपास लागतो. आपण तीन माणसांत भाकरी वाटतो आणि ते दशांशात लिहायला बसलो की तीनामागे तीन लिहीत राहतो, तसं. म्हणजे तू मला धुळ्यात, देवपूरच्या घरी स्वयंपाकघरात पाठ करून घेतलेली पावकी, निमकी, पाऊणकी यंत्राला येते. शाळेत शिकवलेले दशांश येत नाहीत.

ते स्वयंपाकघर मला दिसतं. तू ड्युटीवरून आलेली, साडीचा पदर खोचलेला, स्टोव्हवर चहा. मी ओट्याखाली पाट मांडून गणितं करते आहे. तू वाकून वहीत बघतेस. मी उत्तर लिहिलं आहे ५.०. बाईंनी सांगितलंय, एक स्थान दाखवा. तू बोट ठेवतेस. "हाऊ ठिपका पडी गया ते?" माहेरची बोली तू फक्त रागात आणि लाडात बोलायचीस, आणि हा लाड नव्हता. मी म्हणते, ठिपका कसा पडेल. तू माझ्या हातातली पेन्सिल घेऊन ठिपक्यावर बोट घासतेस, आणि पाच आहे तिथे पन्नास दिसतात. "आते पाज," तू म्हणतेस. आता पाज. मग तू ०.५ लिहितेस आणि पुढच्या शून्यावर टिचकी मारतेस. हे शून्य ठेवायचं, ते पहारा करतं. मागचं नाही ठेवायचं, ते घात करतं. दुसऱ्या दिवशी शाळेत माझा अर्धा गुण गेला. तू म्हणालीस, जाऊ दे. बाईंना काय कोणाला पाजायचंय.

वॉर्डात मी तुझा डबा घेऊन यायचे. पांझरेच्या पुलावरून चालत, डबा हातात गरम. तू आणि केरळहून आलेली ती उंच सिस्टर खाटेशी उभ्या. पूर्वी तू मात्रा पाव-पाऊणमध्ये सांगायचीस. तिला पाऊण म्हणजे काय ते माहीत नव्हतं, आणि तिने तसं सरळ विचारलं, लाजली नाही. त्या दिवसापासून तू वॉर्डात दशांशात बोलू लागलीस. ती वाचायची, तू सिरिंज उजेडात धरून रेघेपासून परत वाचायचीस. "बरोबर" असं दोघींपैकी कुणीच म्हणायचं नाही. आकडाच पुन्हा म्हणायचा. मी डबा घेऊन उभी आणि दोघी एखादा श्लोक म्हणाव्या तशा शून्य पूर्णांक दोन, शून्य पूर्णांक दोन. पावकी घरी राहिली, साखरेला आणि दुधाला.

दहावी झाल्यावर तू मला काचेची एक जुनी सिरिंज दिलीस, सुई नसलेली, पेनात शाई भरायला. तिच्या रेघा निम्म्या पुसलेल्या होत्या. मी विचारलं, ही टाकून का दिली नाही. तू म्हणालीस, शाईला चालते.

तर मी फ्लोट काढला. औषधाच्या रकान्याला डेसिमल प्रकार दिला, चिन्हानंतर तीन स्थानं. या प्रकारात दशांश दशांशच राहतो. तीन दशांशांची बेरीज तीन दशांश भरते, रांगेच्या टोकाला काही उरत नाही. सहकाऱ्याला दोन स्थानं पुरेशी वाटत होती. मी औषधविभागातल्या मुलीला विचारलं, तुम्ही सगळ्यात लहान काय मोजता? तिने कपाटातून सगळ्यात बारीक सिरिंज आणली आणि रेघ दाखवली, मग पातळ केलेल्या औषधाचा हिशेब मांडला. उत्तर तिसऱ्या स्थानाला गेलं. डेसिमल खरा असतो, पण आपण आखून दिलेल्या जागेपुरताच. जागा कमी दिली तर उरलेलं तो मुकाट्याने जवळच्या आकड्यात मिळवून टाकतो, पडदा लालही होत नाही. फ्लोट निदान जवळपास असतो. वजनाला मात्र मी चिन्हच ठेवलं नाही. किलोऐवजी ग्रॅम, आणि पूर्णांक. तिथला तराजू ग्रॅमच सांगतो, त्याने न सांगितलेलं आपण का लिहावं?

आणि मग पहिलं लेबल आलं, ०.१००. दुसरं आलं, १.०००. छपाईयंत्राचा एक दात झिजलेला, ठिपका फिकट. मुलीने पट्टी उजेडात धरली. "ताई, आता हे हजार." सहकारी म्हणाला, हजार मिली कोण देईल, लगेच कळेल. मग एकच स्थान छापू, सुटसुटीत. मी म्हटलं, मग एक मिलीचे दहा होतील, ते कळणार नाही, आणि पाव मिली पाव राहणारच नाही. "म्हणजे ठेवायचं एक आणि दाखवायचं एक?" त्याने विचारलं. हो. ठेवताना तीन स्थानं, पूर्ण. दाखवताना मागची शून्यं गाळायची, पुढचं शून्य कधीच नाही. साठवणं आणि सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत. एम.ए.ला मी दोन वर्षं हेच शिकले, फक्त आकड्यांबद्दल नाही. तो म्हणाला, "हे बठ्ठं, सगळंच, तुम्ही कालच सांगायला पाहिजे होतं," आणि कामाला लागला. तासाभरात त्याने ते नीट केलं. माझ्यापेक्षा नीट.

उद्यापासून कागद बंद. पहिल्यांदा लेबलवरून औषध मिळणार आहे ते यावलकडच्या एका बाईच्या बाळाला. केळीच्या बागेत कामाला जाणारी, दिवस भरायच्या आधीच मोकळी झाली. बाळाची आजी बाहेर बाकावर बसलेली असते. मी जाताना तिने विचारलं, "बाई, किती भरलं आज?" मी डॉक्टर नाही हे सांगायच्या आधी तोंडातून निघून गेलं, "सव्वा किलो." रकान्यात १२५० आहे. तिने मान हलवली. सव्वा तिला समजलं.

हे पत्र पाठवायचं नाही. देवपूरच्या त्या घरात आता दुसरे लोक राहतात. फक्त एक सांगते, जे मी दुपारच्या बैठकीत बोलले नाही. 'तरीही द्या' बटण मी काढलेलं नाही, कारण कधीतरी डॉक्टरांना त्याची खरी गरज पडेल. आकड्यांची मला खात्री आहे. त्यांच्याबद्दल मी कुणाशीही वाद घालेन. पण रकान्याचा प्रकार एका दुपारी बदलता येतो. बोटांना लागलेली सवय किती दिवसांत जाते, ते मला माहीत नाही. बैठकीत सगळ्यांसमोर मात्र मी म्हटलं, सवय जाते.

दुसऱ्या दिवशीचं इथेच खाली लिहिते, अक्का. सकाळी ड्युटी बदलल्यावर त्या बाळाच्या औषधाला पडदा लाल झाला. सिस्टरने बटण दाबलं नाही, औषधविभागात फोन केला. त्या औषधाची दिवसाची एकच मात्रा पहाटे दिलेली होती आणि तीच पुन्हा लिहिली गेली होती. दुसरी मात्रा थांबवली.