नीलमचं अमेरिकन नाटक

५ जानेवारी, अमरावती
आमच्या सौ. नीलम नाटकात काम करणार! पोस्टातून निवृत्त झाल्या, आता साठाव्या वर्षी नटी. दिग्दर्शक कुणी अश्विन – मुंबईहून परतलेला पोरगा. जुन्या अमेरिकन संगीतिकांच्या धर्तीवर वऱ्हाडी नाटक करतोय. म्हणजे बाई कापूस वेचता वेचता एकदम गाणार. धन्य.

९ जानेवारी
अश्विन घरी आला. चहा दोनदा, प्रवचन एकच, पण लांबलचक. ऐंशी वर्षांपूर्वी तिकडे गाणं शोभेचं राहिलं नाही, गाण्यातूनच गोष्ट पुढे जायला लागली. जगातली संगीतिका अजून त्याच वाटेनं चालते म्हणे. मी म्हटलं, आमच्याकडे त्याच्याही आधीपासून संगीत नाटक आहे.
"सर, आपल्याकडे गाण्याला वन्स मोअर मिळायचा. तिथं गाणं संपेपर्यंत माणूसच बदललेला असतो. तो मागं कसा जाईल?"
पाठ केलेलं वाक्य! नीलम मात्र मेथी निवडायची थांबून ऐकत होती.

२० जानेवारी
रोज तालीम. वरण खारट.

२ फेब्रुवारी
स्वयंपाकघरात सकाळपासून आ-आ-आ. विचारलं, या वयात हे शोभतं का?
म्हणाली, "शोभेसाठी नाई करून राहिली मी."
मी दार लावून घेतलं.

१५ फेब्रुवारी, अकोला
प्रयोग झाला. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. गोष्ट दर्यापूरच्या एका बाईची. दुसऱ्या अंकात ती नवऱ्याचा डबा भरते आणि बोलता बोलता गायला लागते. आधी डब्यात काय काय ते; मग डबे भरण्यात स्वतःचं काय काय राहून गेलं ते. नीलमचा सूर दोनदा घसरला. मला हसू आलं – मोठ्यानं. सभागृह चिडीचूप, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, पण थांबली नाही. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत होती. लोकांना काहीही चालतं.
नीलम इथंच बहिणीकडे, सीमाकडे थांबते म्हणाली. मी निघतो.

१९ फेब्रुवारी, अमरावती
अजून सीमाकडेच. अश्विनचा मेसेज – नाशिक, पुणे, मुंबईचे प्रयोग ठरले. रिकामटेकड्यांची काय कमी आहे तिकडे!

२३ फेब्रुवारी
फोन केला. म्हटलं, दौरा संपला की कळव, स्टेशनवर न्यायला येतो.
"तुमाले कोनं सांगतलं, मी येनार म्हनून?"