आबा, तुमचं जाड तेल

आबा,

आज वर्कशॉपात एक गिऱ्हाईक नवी गाडी घेऊन आलं. रेसच्या ट्रॅकवर पळवायची हौस, म्हणून आधी तेल बदलायचं होतं. मला म्हणाला, "मॅडम, सगळ्यात जाड तेल घाला ना, म्हणजे इंजिनाची काळजी नको." मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. शब्द त्याचे होते, पण आवाज मला तुमचा ऐकू आला. त्याला मी नीट समजावून सांगितलं, तोही मान डोलावून गेला, पण नंतर दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही. तुम्ही गेलात त्यानंतरच्या हिवाळ्यात तुमच्या तेलापायी मी काय करून बसले होते, ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलंय. इतकी वर्षं झाली, आता सांगते.

त्याआधी आपल्या गावची, कुडपणची थंडी आठवते. सकाळची वेळ आहे, आपली जीप घरामागच्या उतारावर तोंड खाली करून उभी आहे आणि तिच्या बॉनेटवर तुमची घोंगडी पांघरलेली आहे. तुम्ही बारा महिने 'चाळीस नंबर'चं जाड तेल घालायचात, आणि पठारावरच्या थंडीत ते इतकं घट्ट व्हायचं की स्टार्टर नुसता कण्हायचा. मग आई चुलीवरचं कोमट पाणी आणून रेडिएटरात ओतायची, तोंडाचा पट्टा चालूच, "एकदा पातळ घाला की मेलं ते! रोज माझी चूल अडून राहते." शेजारचे दोघंतिघं मागून रेटायचे, आणि जीप उतारावर खोकत खोकत जागी व्हायची. तुमच्यावर कशाचाही परिणाम होत नसे. तुम्ही तेल मोजायची पट्टी बाहेर काढायचात, एक थेंब अंगठ्यावर घ्यायचात आणि बोटाने चिमटून ताणून बघायचात. "तार आली पायजे," म्हणायचात. आई म्हणायची, "लाडू वळायचे हायत काय त्याचे?" आणि रेटायला आलेले सगळे हसायचे. तुम्हीही हसायचात, पण तेल बदलायचा नाहीत.

तुमचा हा हट्ट आला कुठून ते मला ठाऊक होतं, कारण त्या दिवशी मी जीपमध्ये होते. लग्नसराईतला मे महिना, महाडहून दासगावच्या नवरीचं वऱ्हाड भरून आपण वर निघालो होतो. आदल्या दिवशी महाडच्या एका गॅरेजवाल्याने तुम्हाला पटवून पातळ तेल घातलं होतं. पोलादपूर सोडून चढ लागला, जीप दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चालली, आणि तेलाचा दाब कमी झाल्याचा लाल दिवा लुकलुकायला लागला. तुम्ही तिथेच थांबलात. नवरीसकट सगळ्यांना आंब्याखाली बसवलंत आणि इंजिन गार होईपर्यंत कुणालाही गाडीत चढू दिलं नाहीत. नवरीला न्यायला आलेली नवऱ्याकडची माणसं मुहूर्त टळतोय म्हणून तुमच्या अंगावर आली, तुम्ही शांतपणे तंबाखू मळत राहिलात. मुहूर्त टळला. त्यानंतर तुम्ही जाड तेल घातलंत, तो दिवा पुन्हा कधी लागला नाही, आणि ह्या विषयावरचं तुमचं शिक्षण तिथे संपलं.

गाडी तुम्हीच मला शिकवलीत. पहिल्यांदा चावी दिलीत तेव्हा मी गाडी चालू केल्या केल्या जोरात रेस दिली, आणि तुम्ही माझ्या गुडघ्यावर चापट मारलीत. "तेल वर चढलं नाय अजून! झोपेतनं उठल्या उठल्या तुला कुणी पळवलं तर चालंल काय गो?" मला राग आला होता, कारण मागे माणसं बसली होती. त्यातले एक म्हातारे म्हणाले, "पोरीच्या हातात गाडी देतोस रे?" तुम्ही मागे वळूनसुद्धा बघितलं नाहीत. "गाडीला काय ठावं हाय, हात कुणाचा हाय तो," म्हणालात आणि तंबाखूची पिंक टाकायला तोंड बाहेर काढलंत. माझ्या आयुष्यात मला मिळालेल्या सगळ्या वस्तूंमध्ये त्या सकाळच्या चावीइतकं मोठं काही नव्हतं.

पुढे डिप्लोमा झाला, पुण्यात ह्या वर्कशॉपात नोकरी लागली. मालकांना रेसचं वेड होतं. गाड्यांची ट्रायल मीच घ्यायचे, ते बघून एकदा ते म्हणाले की ह्या हिवाळ्यात दक्षिणेतल्या ट्रॅकवर आपली छोटी गाडी तू चालव. तुम्ही पोलादपूरच्या स्टँडवरून फोन केलात तेव्हा मी तुम्हाला ते सांगितलं. पलीकडे एसटीचा हॉर्न वाजला. मग म्हणालात, "जाड घाल. पुस्तकात काय हाय ते ऱ्हाऊ दे. बाकी तुझं तुला कळतंय." एवढंच. पाऊस सरता सरता तुम्ही गेलात.

आता जे झालं ते सांगते. ट्रॅकसाठी मालक नेहमी 'दहा-चाळीस' वापरायचे. पहिला आकडा तेल गार असताना किती सरसर वाहतं त्याचा, दुसरा ते तापल्यावर किती दाट राहतं त्याचा. रस्त्यावर त्या गाडीला त्याहून पातळ चालायचं, पण ट्रॅकवर इंजिनाला उसंत मिळत नाही, लांब वळणावर तेल एका बाजूला कलतं, म्हणून थोडं दाट हवं. थोडंच. हे मला पाठ होतं. गाडीच्या तयारीची जबाबदारी माझी होती, आणि मी आमच्याकडचं सगळ्यात जाड, 'वीस-पन्नास' भरलं. मालकांनी विचारलं तर मी म्हणाले, "तिथे उकाडा असतो." त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

सरावाच्या दिवशी पहाटे गार होतं. गाडी चालू केली, तर इंजिनाच्या वरच्या अंगाला टकटक सुरू झाली आणि लवकर थांबेना. तेल वर पोचत नव्हतं. मी ऐकलं न ऐकलंसं केलं. ट्रॅकवर गेल्यावर तेलाच्या दाबाचा काटा छान उंच उभा राहिला, आणि मला बरं वाटलं, कसं सांगू आबा, तुम्ही शेजारी बसल्यासारखं बरं वाटलं. पण गाडी पळेना. पाय दाबावा तर इंजिन जड जड होऊन उठायचं, सरळ रस्त्यावर मागचे सगळे मला टाकून जायचे. तेल तर थंड राहायच्या ऐवजी नेहमीपेक्षा जास्तच तापलं. दाब होता, पण त्या नव्या इंजिनाच्या बारीक फटींतून ते घट्ट तेल रेटण्यातच त्याचा जीव जात होता. मी आत आले तेव्हा मालक बॉनेट उघडून उभे होते.

"काय भरलंयस ह्यात?"

मी सांगितलं.

"का?"

मी म्हणाले, "वडील म्हणाले होते." मालकांना तुम्ही गेल्याचं ठाऊक होतं. ते ओरडले नाहीत. बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "हे बघ, गाडी आपल्याकडे एकच आहे. उद्या हेच तेल घालून इंजिन बसलं तर ह्या वर्षी सगळेच घरी जाऊ. हेच ठेवणार असशील तर मला दुसऱ्या कोणाला तरी बसवावं लागेल. तू ठरव."

संध्याकाळी मी गाडीखाली शिरले आणि खालचा नट सोडला. तेल अजून कोमट होतं, मधासारखं सावकाश खाली पडत होतं, पडायचं थांबतच नव्हतं. मी एक थेंब अंगठ्यावर घेतला आणि बोटाने ताणला. छान तार आली. मग मात्र मला हुंदका आवरेना. तुमची जीप जुनी, झिजलेली, तिच्या आतल्या फटी रुंदावलेल्या. तिला जाड तेलच हवं होतं, आणि त्या मे महिन्यात तुम्ही अगदी योग्य केलंत. पण ही गाडी तुमची नव्हती, आणि हे मला तुम्हाला पटवून द्यायचं होतं, आणि गाडीखाली माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मी डोळे पुसले, नट आवळला आणि दहा-चाळीस भरलं.

दुसऱ्या दिवशी इंजिन पहिल्या झटक्यात जागं झालं. मी ते पूर्ण गरम होऊ दिलं, मालक घाई करत होते तरी. रेसमध्ये मी मधे कुठेतरी आले. कोणी हार घातला नाही, पण गाडी धडधाकट परत आली आणि जागा माझीच राहिली. पुढची बरीच वर्षं राहिली.

हे सगळं आईला वाचून दाखवावं असं मनात होतं. पण ती म्हणणार, "अजून तेलावरनंच भांडताय काय गो दोघं?" म्हणून नाही दाखवत. कुणालाच नाही. फक्त एक गोष्ट तुमच्याजवळ कबूल करते. मालकांना वाटलं, आज्ञाधारक मुलगी, गेलेल्या बापाचा शब्द पाळला. तसं नव्हतं हो. तुम्ही हयात असता तर मी तुमचं अजिबात ऐकलं नसतं. फोनवर "हो हो, जाडच घालते" म्हणाले असते, पहिल्या दिवसापासून दहा-चाळीस भरलं असतं, आणि घरी येऊन तुम्हाला ते तोंडावर सांगून तुमच्याशी पोटभर भांडले असते. तुम्ही नव्हतात, म्हणून ऐकलं.